चपला घालून बसा

क्लासची पोरं सगळी खाली रस्त्यावर आली होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून काळा धूर निघत होता. सर ऑटोतून उतरले, फुटपाथवर रडत बसलेल्या काउंटरवरच्या मॅडमना काहीतरी विचारलं, मॅडमनी वर बोट दाखवलं, आणि सर जिन्याकडे पळाले.

जिन्याच्या तोंडाशी मी उभी होते.

"ओ सर, कुठं निघालात? वर कुणी न्हाई आता. पोरं समदी खाली आली."

"नक्कल वर हाय, मावशी."

एवढंच बोलले. मला खांद्यानं बाजूला सारलं आणि दोन-दोन पायऱ्या टाकत धुरात गेले.

नक्कल म्हणजे काय आणि ती वर कशी गेली ते पुढं सांगते. आधी माणूस सांगते, कारण लातुरात त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते मला पटत नाही. कोणी म्हणतं ते येडे होते, कोणी म्हणतं त्यांच्यामुळंच आग लागली. असं म्हणणारे त्या दिवशी तिथं नव्हते. मी होते.

मी लोह्याकडची. चौथी शिकले. नवरा गेल्यावर नणंदेच्या ओळखीनं लातूरला आले आणि एका मोठ्या क्लासमध्ये कामाला लागले. झाडायचं, फरशी पुसायची, पाणी भरायचं, चहा द्यायचा. भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी वाढल्या, पत्र्याची घरं आणि क्लासेस. आमच्या गल्लीत तर प्रत्येक जिना कुठल्या ना कुठल्या क्लासला जायचा. नांदेड, उदगीर, देगलूर, कुठून कुठून आईबाप पोरं घेऊन यायचे, डॉक्टर करायला. मला सगळे मावशी म्हणायचे. बाकी वॉचमन सोडून तिथं सगळेच सर. हे सर शिकवणारे नव्हते, कम्प्युटर सांभाळणारे होते. पण सर म्हटलं की मला तेच आठवतात.

ते मूळचे औशाकडच्या एका गावचे. ते गाव आता जुन्या जागेवर नाही. भूकंपानंतर ते नांदेडला गेले, तिथं एका आडत्याच्या पेढीवर कम्प्युटरचं काम शिकले, आणि तिथून आमच्या मालकांनी त्यांना लातूरला आणलं.

त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. खुर्ची दिली तर तिच्या पाठीला धरून उभे राहायचे. जेवण उभ्यानं, हातावर भाकरी घेऊन. चहा चालत-चालत. कप जिथं संपेल तिथं ठेवायचे. मीटरच्या पेटीवर, खिडकीत, एकदा तर माझ्या बादलीच्या काठावर. ते कप गोळा करायचं काम माझं. खाली रशीदभाई वायरमनचं दुकान होतं, वरची सगळी वायरिंग त्यांचीच. ते मला म्हणायचे, "मावशी, सर का कप ढूंढना याने मुर्गी का अंडा ढूंढना. कहां देके गई, मालूम नै."

राहायला खोलीसुद्धा एक नसायची. काही महिने झाले की गठुडं उचलून दुसरीकडं. अट एकच, वर पत्रा पाहिजे. मालकांनी क्लासच्या वरच स्लॅबची खोली देऊ केली, तर नको म्हणाले. लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक.

"सर, कांद्यावाणी वाळून जाल," मी म्हटलं.

"वाळीन, पण उठून बाहेर तर जाईन," ते म्हणाले.

दारांचं तर विचारूच नका. कुठलंही दार दिसलं की उघडून बघायचे, लावून बघायचे, कडी सरकवून बघायचे. मग खाली वीट लावून उघडंच ठेवायचे. मी वीट काढायचे, ते परत लावायचे. पोरींच्या बाथरूमची कडी सोडून त्यांनी सगळ्या कड्या काढून टाकल्या. मालक चिडले. सर म्हणाले, "चोर आला तर काय नेईल? घेऊन जाऊ द्या." मालकांना वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती.

आता कम्प्युटरचं सांगते. मला त्यातलं काही कळत नाही, जे कळलं ते सरांनी सांगितलं म्हणून.

ते आले तेव्हा हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर पडदा आणि टेबलाखाली एकेक मोठा डबा होता. त्या डब्यांना धूळ चालायची नाही म्हणे. म्हणून पोरांनी चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. दारात चपलांचा हा ढीग. दोन पाळ्यांची पोरं एकाच वेळी आत-बाहेर करायला लागली की ढिगात पाय अडकून कोणी ना कोणी पडायचं. डबे रोज आजारी. एक बंद, दुसरा गरम, तिसऱ्यात कुणीतरी खेळ घालून ठेवलेला. सर दिवसभर या डब्याकडून त्या डब्याकडं. परीक्षेच्या दिवशी तर त्यांचा शर्ट पिळून घ्यावा असा व्हायचा.

एक दिवस मालकांसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, सगळे डबे काढून टाकू.

"आणि पोरं काय पाटीवर परीक्षा देतील का?" मालक म्हणाले.

तेव्हा सरांनी त्यांना लंगर सांगितला. मी चहा घेऊन तिथंच होते, म्हणून ऐकलं. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, तिथं हजारो माणसं जेवतात. प्रत्येकाच्या पुढ्यात चूल असते का? नसते. शिजतं एका जागी. माणसाच्या पुढं फक्त ताट. तसंच करायचं. आतल्या खोलीत एक मोठी मशीन ठेवायची, सगळा स्वयंपाक तिथं. टेबलावर फक्त पडदा आणि वहीएवढं एक डबडं. पोरगं काय लिहितं, काय बघतं, सगळं आतल्या मशीनमध्ये. डबडं बिघडलं तर उचलून फेकायचं, दुसरं लावायचं.

"म्हणजे डबड्यात काहीच न्हाई?" मालकांनी विचारलं.

"काहीच न्हाई," सर म्हणाले. हे सांगताना त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा मी त्यांना पगार घेतानाही झालेला पाहिला नाही.

मालक तयार झाले. पण माणसं तयार व्हायला वेळ लागला. सरांनी एकदम काही बदललं नाही. मागची एक ओळ घेतली. तिथं नवं डबडं लावलं आणि जुना डबाही ठेवला. मी म्हटलं, "दोन-दोन कशाला?" तर म्हणाले, "मावशी, सून आली म्हणून सासूला त्याच दिवशी बाहेर काढतेत का? राहू द्या थोडे दिवस. आपोआप जागा सुटती." माझ्या सासूनं मरेपर्यंत जागा सोडली नव्हती, पण ते मी बोलले नाही.

आणखी एक त्यांची रीत होती. जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याच्यापासून सुरू करायचं. आमच्यात सगळ्यात जास्त ओरडायच्या खाली काउंटरवर फी घेणाऱ्या मॅडम. त्यांच्या पडद्यावर मुलाचा फोटो होता आणि दुपारी त्या पत्ते खेळायच्या. डबा गेला तसा फोटो गेला, पत्तेही गेले. मॅडमनी सरांशी बोलणं टाकलं. सर समोर उभे असले तरी मला सांगायच्या, "मावशी, त्यांना सांगा, प्रिंट निघत नाही." सरही मलाच सांगायचे, "मावशी, त्यांना सांगा, कागद घाला." शेवटी सरांनी तो फोटो परत आणून दिला. मॅडम कुठंही बसल्या, कुठल्याही पडद्यावर आपलं नाव घातलं, की पोरगा हजर. मॅडमनी तीन टेबलं बदलून बघितली. प्रत्येक ठिकाणी पोरगा. त्या दिवशी त्यांनी सरांना घरच्या शेंगदाण्याची चटणी दिली. पत्ते मात्र सरांनी परत दिले नाहीत.

पालकांचं दुखणं वेगळंच होतं. देगलूरचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले, हॉल बघितला आणि म्हणाले, "अहो, कम्प्युटर कुठायत? नुसते टीव्ही लावून बसलाव की." मालकांनी हुकूम सोडला की जुने डबे परत टेबलांखाली ठेवा. रिकामेच, दिसायला. मी आणि वॉचमननं दिवसभर ते डबे वाहून आणले. दुसऱ्या दिवशी सर आले, बघितलं, आणि एकेक डबा स्वतः उचलून गच्चीवर नेऊन ठेवला. मालक म्हणाले, "ते शोभेला ठेवलेत." सर म्हणाले, "पायात येतेत." मालकांनी परत आणवले, सरांनी परत नेले. माझी कंबर मोडली. शेवटी मी मालकांना म्हटलं, "तुमचं दोघांचं काय ते ठरवा, न्हाईतर मला डब्यात घालून गच्चीवर ठेवा." मग मालकांनी नाद सोडला.

डबे गेले त्याच आठवड्यात सरांनी हॉलच्या दारावरची पाटी काढली. पाटीवर होतं, चपला बाहेर काढा. आता धुळीनं बिघडायला टेबलावर काही उरलं नव्हतं. दारात उभे राहून ते प्रत्येक पोराला सांगायला लागले, "काढू नका. चपला घालून बसा. पट्टा लावा. बुटाची नाडी बांधा."

माझं टाळकं सरकलं. पावसाळ्याचे दिवस. गल्लीतला चिखल तिसऱ्या मजल्यावर यायला लागला. दोनदा पुसलं तरी फरशी ओट्यासारखी काळी.

"सर, तुमचं काय जातंय? पुसणारी मी हाय."

"मी पुसू लागतो."

"नको. फरशी पुसणारा गडी बघून पोरं हसतील. पाटी परत लावा."

"पाटी न्हाई लागणार, मावशी."

"का?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. खिडकीपाशी उभे होते, दोन पायांवर आलटून-पालटून. भूकंपाच्या रात्री त्यांचे वडील आणि ते दोघंही अंगणात आले होते. घर अर्धं पडलं होतं, अर्धं उभं होतं. सगळीकडं दगड. वडील अनवाणी. म्हणाले, चपला घालून येतो, आणि आत गेले. मग उरलेलं अर्धंही त्यांच्यावर आलं.

"चपलेसाठी?" मी विचारलं.

"चपलेसाठी."

आमच्या गावाला त्या रात्री फळीवरची भांडी पडली होती, एवढंच. मी भांडी परत रचली आणि झोपले होते. चिखल मी पुसत राहिले. पण पाटीचं पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर त्यांचं ते दुसरं सुरू झालं, ज्यानं त्यांचं नाव सगळ्या गल्लीत झालं. पोरं अभ्यासात असली की हे आत जाऊन मशीनचं बटण दाबायचे. हॉलमधले सगळे पडदे एकदम काळे. पडदा काळा झाला की उठायचं, काही उचलायचं नाही, पिशवीसुद्धा नाही, आणि जिन्यानं खाली रस्त्यावर जायचं. पहिल्यांदा पोरं घाबरली. कुणी म्हणालं, माझं लिहिलेलं गेलं. सर ओरडले, "तुमच्या पुढच्या डबड्यात काय न्हाई! तुमचं सगळं आत हाय, परत आल्यावर मिळंल! उठा!" आणि खरंच, परत येऊन बसलं की पोरगं जिथं होतं तिथंच. मग पोरांना मजा वाटायला लागली. फुकटची सुट्टी. खाली रशीदभाई दुकानातून ओरडायचे, "आ गई बारात!"

मालकांना मजा वाटत नव्हती. गणिताचा तास बुडाला म्हणून पालकांचे फोन यायचे. समोरच्या क्लासची पोरं खिडकीतून टाळ्या वाजवायची. मालकांनी सरांना खोलीत बोलावलं. दार अर्थातच उघडं होतं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"हे काय करायलाव तुम्ही? क्लास हाय का फौज हाय? आणखी एकदा पोरं खाली उतरवली तर मी तुम्हाला नांदेडच्या गाडीत बसवीन."

"बरं," सर म्हणाले. "मग दुसरी मशीन तेवढी घेऊन द्या."

"कशाला?"

"सगळं एका जागी झालंय. ती एक गेली तर सगळं जाईल. दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एक जोडीला ठेवू."

मालक म्हणाले, "एकीनं भागतं म्हणून तुम्हीच सांगितलं. आता दोन?" आणि विषय संपला.

मग सरांनी आपल्या परीनं तोड काढली. रोज संध्याकाळी मशीनमधलं सगळं एका छोट्या डिस्कमध्ये उतरवून घ्यायचे. ती मुठीएवढी काळी डबी म्हणजे नक्कल. मशीन तिसऱ्या मजल्यावर, म्हणून नक्कल तळमजल्यावर, मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. त्यांनी मॅडमना बजावून सांगितलं होतं, "ही वर न्यायची न्हाई. काही झालं तरी." मॅडम हो म्हणाल्या होत्या. पोरं उतरवायची मात्र सरांनी बंद केली नाहीत. मालक गावाला गेले की उतरवायचे.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी औजारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, वजनकाटा, शिलाई मशीन, ज्याचं जे असेल ते धुऊन-पुसून मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, फुलं वाहायची. आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. क्लासमध्ये जुने डबे होते तेव्हा आम्ही सगळे बंद करायचो आणि प्रत्येकाला गंध लावायचो. माझा अर्धा दिवस त्यात जायचा.

त्या वर्षी मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन हॉलमध्ये गेले तर मॅडम म्हणाल्या, "मावशी, या डबड्यांची काय पूजा करता? यांच्यात काही नाही म्हणतात. खरं सगळं आत आहे. आतच करू."

सगळ्यांना ते पटलं. मग जी फुलं हॉलभर वाटली जायची ती सगळी एका मशीनवर. झेंडूच्या माळा दर टेबलाला एक अशा आणलेल्या होत्या, त्या सगळ्या तिच्याच गळ्यात. शिकवणाऱ्या सरांनी आपापल्या माळा घातल्या. मालकांनी पाहुण्याचा सत्कार करतात तशी तिला शाल पांघरली, चांगली चारी बाजूंनी खोचून, पुढं नारळ. मशीन बंद करायची तर दुपारी परीक्षा होती, आणि एक बंद म्हणजे सगळंच बंद. म्हणून मालक म्हणाले, चालूच राहू द्या. मी म्हटलं, "आज औजार चालवत न्हाईत." मालक म्हणाले, "ते शेतात." तिथं विषय मिटला.

सर नांदेडला गेले होते, मालकांना तिथं शाखा काढायची होती त्याची जागा बघायला. मॅडमना वाटलं, सर नाहीत, त्यांचं औजार पूजेवाचून राहायला नको. त्यांचा स्क्रूड्रायव्हर आणला, पक्कड आणली, आणि ड्रॉवरमधून नक्कलही काढून आणली. सगळं मशीनपुढं पाटावर मांडलं, नक्कलेला मोठं कुंकू लावलं. मनात पाप नव्हतं. नंतर त्या वर्षभर रडत होत्या, पण रडून काय होतं.

आरती झाली. निरांजन तेवत ठेवलं. आत एसी होता म्हणून त्या खोलीचं दार तेवढं लागायचं, तेवढंच एक. मालक घरी गेले, मॅडम खाली गेल्या.

दुपारी परीक्षा सुरू झाली. मी मागच्या कोपऱ्यात फडकं पिळत होते. एकदम सगळे पडदे काळे झाले. देखरेखीला असलेले सर ओरडले, "बसा, बसा! कोणी उठायचं नाही! परीक्षा चालू आहे!" पुढच्या ओळीतली एक पोरगी उठली. तिच्यामागं ओळ उठली. मग सगळा हॉल. कुणी पिशवी घेतली नाही. दारात ढीग नव्हता, कुणी अडखळलं नाही, बूट-चपला पायातच, धडाधड जिन्यावर. आणि हसत होती सगळी. एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "आयला, सरांनी नांदेडहून बंद केलं बघ!"

मी मागे राहिले. आतल्या खोलीच्या दाराखालून धूर येत होता. काळा, तेलकट. मी फडकं टाकलं, ओरडणाऱ्या सरांचा दंड धरला आणि त्यांना पुढं घालून खाली आले. आम्ही खाली पोचेपर्यंत वर काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. हॉलला वर थर्माकोलचं छत होतं. ते जळत खाली पडलं, टेबलांवर. पोरांचं हसणं तेव्हा थांबलं.

त्याच वेळी सर बसस्टँडवरून ऑटोनं आले. पोरं बघितली. खाली होती. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांनी मॅडमना विचारलं, नक्कल कुठाय. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच.

मी रशीदभाईंना हाक मारली. ते खालचा मेन काढून येतच होते. "सर वर गेले," मी म्हटलं. "क्या?" ते म्हणाले. "नक्कल आणायला." रशीदभाईंनी एक अशी शिवी दिली की ती मी सांगत नाही. माझी पाण्याची टाकी जिन्याखाली होती, तिच्यात त्यांनी गोणपाट बुडवलं, डोक्यावर घेतलं आणि वर गेले.

खाली उभं राहणं फार वाईट. मॅडम छाती बडवून घेत होत्या. मी त्यांना म्हटलं, "बडवू नका, ऐकू द्या." जिन्यातून काही आवाज येतो का ते मला ऐकायचं होतं. पोरांतली दोघंतिघं वर जायला निघाली, मी खराटा आडवा धरला. "एकानं येडेपणा केलाय तेवढा बास झाला."

मग जिन्यातून भांडण ऐकू आलं. भांडण ऐकून कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

"छोडो, रशीदभाई! दोन हात लांब हाय!"

"नै छोडता! तुम्हारे डब्बे की ऐसी की तैसी!"

"पोरांचं सगळं त्यात हाय!"

"पोरां नीचे खडे है, अंधे! देखो!"

रशीदभाईंनी त्यांचा पट्टा मागून धरला होता आणि उलटे ओढत आणत होते, बाजारात अडलेलं जनावर ओढतात तसं. सरांच्या दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती. आतल्या दाराची मूठ तापलेली, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. दार उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर दोघंही आले नसते, असं नंतर बंबवाल्यानं सांगितलं.

मशीन गेली. नक्कल गेली. क्लासचं त्या वर्षाचं सगळं गेलं.

दवाखान्यात मी डबा घेऊन गेले. हात बांधलेले, म्हणून घास मीच भरवला. तिथंही ते पलंगावर टेकत नव्हते, खिडकीपाशी उभ्यानं खात होते.

"पोरांचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचं? पेपर परत घेतले. पोरं चिडली, दिले. कुणाचं काय अडलं न्हाई."

त्यांच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"मी कसा काय गेलो, मावशी?"

"पायानं," मी म्हटलं. "गिळा आता."

मालकांनी त्यांना परत घेतलं नाही. एका जागी सगळं ठेवल्यामुळं सगळं गेलं, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण दुसरी मशीन कोणी नाकारली ते सांगितलं नाही. नवा हॉल झाला, त्यात परत टेबलाखाली मोठे डबे आले आणि दारावर पाटी आली. मालक आता दर खंडेनवमीला पोरांना गोष्ट सांगतात की देवीनं कशी सगळी लेकरं सुखरूप बाहेर काढली. देवीबद्दल मी काही बोलत नाही. पोरं उठली ती सवयीनं उठली, आणि ती सवय ज्यानं लावली त्याला मालकांनी नांदेडच्या गाडीत बसवलं, हे मला माहीत आहे.

मी पुढं ते काम सोडलं. गुडघे गेले. आता नांदेडला लेकीकडं असते. सर नांदेडला काही वर्षं होते, मग देगलूरला गेले, मग आणखी कुठं. टिकत नाहीत कुठं. कधीमधी फोन येतो, तोही चालता-चालता केलेला, मागून गाड्यांचे आवाज. रशीदभाईंच्या छातीत तेव्हापासून खोकला राहिला आहे, पण दुकान ते रोज उघडतात.

त्या दुपारी हॉलमध्ये परीक्षेला बसलेली सगळी पोरं वाचली. देखरेखीचे सर वाचले. मी वाचले, रशीदभाई वाचले आणि सर वाचले.